ब्रिटनमधील जुन्या लढाऊ विमानांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवालयें, घाट, विहिरी किंवा जुने वाडे यांच्या संबंधानें योजितों. दगडी काम शेंकडों वर्षें टिकावें अशाच हेतूनें केलेलें असतें. तें खचलें असतां त्याची डागडुजी करण्यांत नवल तें काय? परंतु युद्धाच्या धामधुमींत जिचें आयुष्य महिन्यांनीं, कित्येकदां दिवसांनीं मोजलें जाई, अशी यंत्रवस्तु ऐंशी वर्षांनंतरही जतन व्हावी, इतकेंच नव्हे तर तिनें पुन्हां आकाशांत भरारी मारावी, यासाठीं कांहीं माणसें आयुष्याचीं कैक वर्षें वेंचतात, ही गोष्ट खचित विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानांचा असा जीर्णोद्धार ब्रिटनमध्यें मोठ्या प्रमाणावर झाला आहे. तो कसा होतो, त्यांत कोणते प्रश्न उद्भवतात आणि त्यांपैकीं एका विमानाचा आपल्या देशाशीं कसा संबंध आला, हें या लेखांत थोडक्यांत पाहूं.

प्रथम या विमानांची ओळख करून घेऊं. त्यांत मुख्य दोन: हरिकेन व स्पिटफायर. हरिकेन हें सिडनी कॅम या अभियंत्याच्या कल्पनेंतून निघालें व ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें. स्पिटफायरचे जनक आर. जे. मिचेल. त्यांचें विमान ५ मार्च १९३६ रोजीं प्रथम उडालें. पुढच्याच वर्षीं, आपल्या कृतीचा पराक्रम पाहण्यापूर्वींच, मिचेल वारले. दोन्ही विमानांना रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन नांवाचें बारा सिलिंडरांचें इंजिन असे. आरंभीं त्याची शक्ति एक हजार अश्वशक्तीहून थोडी अधिक होती. लढाईच्या प्रारंभीच्या काळांत प्रत्येक विमानाच्या पंखांत आठ मशीनगन बसविलेल्या असत. परंतु रचनेंत दोहोंत महदंतर होतें. हरिकेनचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा. मागील भागांत त्यावर लांकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणून बसविलेलें, लेप दिलेलें कापड. स्पिटफायरचें अंग मात्र ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचें. तेथें पत्रा हें नुसतें आवरण नसून भार वाहण्याचें कामही तोच करी. एक जणूं कुडाचें घर, तर दुसरें अंड्याचें कवच! हा भेद ध्यानांत ठेवावा. पुढें जीर्णोद्धाराच्या कामीं तो फार महत्त्वाचा ठरतो.

१९४० सालच्या जून महिन्यांत फ्रान्स पडल्यावर जर्मनीनें ब्रिटनकडे मोर्चा वळविला. १० जुलैपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत आकाशांत जी झुंज झाली, तीस ‘ब्रिटनची लढाई’ असें म्हणतात. लढाऊ विमानांतून सुमारें २,९०० लोक ब्रिटनच्या बाजूनें लढले. त्यांत पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, न्यूझीलंड, कॅनडा अशा अनेक देशांचे तरुण होते. ५४४ जण त्या लढाईंतच कामास आले. लोकांच्या तोंडीं स्पिटफायरचें नांव अधिक असलें, तरी संख्येनें हरिकेन विमानें जास्त होतीं आणि शत्रूचीं अधिक विमानें त्यांनींच पाडलीं. आपल्या वाचकांना हेंही ऐकून कौतुक वाटेल कीं, पुढें १९४१ सालीं उभारलेल्या, स्पिटफायर विमानें वापरणाऱ्या दोन तुकड्यांना आपल्या परिचयाचीं नांवें होतीं. १२४ वी तुकडी ‘बडोदा’ या नांवानें, तर १३२ वी तुकडी ‘मुंबई नगरी’ या नांवानें ओळखली जाई. विमानांसाठीं येथून गेलेल्या देणग्यांची ती खूण होय.

स्पिटफायर विमानें एकंदर २०,००० हून अधिक आणि हरिकेन १४,००० हून अधिक बांधलीं गेलीं. मग आज त्यांतलीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच हरिकेन व थोडींशीं स्पिटफायर उडतांना कां दिसतात? याचें कारण केवळ युद्धांतील नाश हें नव्हे. युद्ध संपतांच जेट इंजिनाचीं विमानें पुढें आलीं आणि कालचीं विजयी विमानें आज निरुपयोगी झालीं. देशास घरें हवीं होतीं, भांडीं हवीं होतीं, धातु हवा होता. विमानांचा ॲल्युमिनियम वितळवून त्यांतून या वस्तु करणें त्या काळीं शहाणपणाचेंच होतें. त्याबद्दल त्या पिढीस दोष देतां येणार नाहीं. जीं वांचलीं तीं बहुधा योगायोगानें वांचलीं. कांहीं हवाई दलाच्या छावण्यांच्या प्रवेशद्वाराशीं शोभेसाठीं उभीं केलीं म्हणून, कांहीं विद्यार्थ्यांना यंत्ररचना शिकविण्यासाठीं दिलीं म्हणून, तर कांहीं समुद्रकांठच्या वाळूनें पोटांत घेतलीं म्हणून!

पी ७३५० या क्रमांकाच्या स्पिटफायरचेंच उदाहरण घ्या. हें विमान १९४० सालच्या लढाईंत प्रत्यक्ष लढलें. त्या वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं जर्मन विमानाच्या गोळ्या लागून तें खालीं उतरविणें भाग पडलें. दुरुस्त होऊन तें पुन्हां कामास लागलें. १९४८ सालीं तें भंगार म्हणून विकलें गेलें. परंतु ज्या भंगाराच्या पेढीनें तें घेतलें, तिच्या चालकांना त्याचा इतिहास कळतांच त्यांनीं तें न मोडतां हवाई दलास परत भेट दिलें. पुढें १९६८ च्या सुमारास ब्रिटनच्या लढाईवरील चित्रपटासाठीं तें उडण्याजोगें करण्यांत आलें आणि नंतर हवाई दलाच्या स्मारक-तुकडींत दाखल झालें. त्याच्या पंखावर जुन्या गोळ्यांच्या भोंकांना लावलेलीं ठिगळें अजूनही पाहावयास मिळतात. भट्टी पेटलेली असतां एका व्यापाऱ्यानें क्षणभर थांबून विचार केला, एवढ्यावर तें विमान वांचलें.

वर जिचा उल्लेख केला ती स्मारक-तुकडी ११ जुलै १९५७ रोजीं लंडनजवळील बिगिन हिल येथें स्थापन झाली. आरंभीं तिच्याजवळ तीन स्पिटफायर व एक हरिकेन एवढेंच धन होतें. आतां ती लिंकनशायर परगण्यांतील कॉनिंग्सबी येथें असते आणि राष्ट्रीय समारंभांत तिचीं विमानें लोकांच्या दृष्टीस पडतात. पाडाव झालेल्या वीरांचें स्मारक दगडाचें न करतां चालत्या यंत्राचें करावें, ही या तुकडीमागील कल्पना होय.

आतां जीर्णोद्धाराच्या पद्धतींकडे वळूं. ढोबळ मानानें त्या तीन आहेत.

पहिली पद्धत म्हणजे वस्तु आहे तशी राखणें. लंडनच्या युद्ध-संग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनांत आर ६९१५ या क्रमांकाचें स्पिटफायर टांगलेलें आहे. १९४० च्या लढाईंत तें ५७ वेळां शत्रूवर चालून गेलें होतें. तें आतां उडत नाहीं आणि उडविण्याचा कोणी आग्रहही धरीत नाहीं. त्याच संस्थेच्या डक्सफर्ड येथील संग्रहालयांत तर एक जर्मन मेसरश्मिट विमान, १९४० सालीं ससेक्सच्या शेतांत जसें पोटावर घसरत उतरलें तशाच स्थितींत, वांकलेल्या पंख्यासह मांडून ठेवलें आहे. शत्रूच्या वस्तूसही तेवढ्याच काळजीनें जपावें, ही दृष्टि मला विशेष उदात्त वाटते. कारण त्या विमानांतही कोणा मातेचा पुत्रच बसलेला होता.

दुसरी पद्धत दुरुस्तीची. मूळ वस्तु बहुतांशीं शाबूत असते. झिजलेले भाग तेवढे बदलून ती चालती ठेवावयाची. या पद्धतीस किती किंमत मोजावी लागते, याचा दाखला एलएफ ३६३ हें हरिकेन देतें. स्मारक-तुकडीचें हें पहिलें हरिकेन ११ सप्टेंबर १९९१ रोजीं इंजिन बिघडल्यामुळें विटरिंग येथें कोसळलें आणि पेटलें. वैमानिक बचावला, विमानाचा मात्र बहुतेक कोळसा झाला. तें पुन्हां उभें करण्यास पैसा कोठून आणावा? शेवटीं तुकडीनें आपल्या जवळचें एक स्पिटफायर विकलें आणि त्या पैशांतून हरिकेन नव्यानें बांधविलें. १९९८ सालीं तें पुन्हां उडालें. घरांतला एक दागिना मोडून दुसरा सोडवावा, तसा हा प्रकार झाला.

तिसरी पद्धत सर्वांत कठीण: अवशेषांवरून जवळजवळ नवें विमान घडविणें. मे १९४० मध्यें डंकर्कच्या माघारीच्या वेळीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोन स्पिटफायर वाळूंत उतरलीं. पी ९३७४ हें २४ मे रोजीं कॅले नजीक आणि एन ३२०० हें २६ मे रोजीं सांगात येथें. दोन्ही वैमानिक जिवंत राहिले. एन ३२०० चे चालक जेफ्री स्टीफन्सन हे जर्मनांचे बंदी झाले. दोन्ही विमानांना वाळूनें गिळलें. चाळीस वर्षांनीं, १९८० सालीं, पहिल्याचे अवशेष वर आले. दुसऱ्याचे १९८६ सालीं काढण्यांत आले. खाऱ्या पाण्यानें ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते, हें आपण रसायनशास्त्रांत शिकलों आहों. तेव्हां त्या सांगाड्यांतून किती थोडा धातु पुन्हां उपयोगास आला असेल, याची कल्पना करावी. तरीही कुशल कारागिरांनीं जुने नकाशे समोर ठेवून तीं दोन्ही उभीं केलीं. पहिलें २०११ सालीं, दुसरें २०१४ सालीं आकाशांत गेलें. पहिलें २०१५ मध्यें लिलावांत तीस लाख पौंडांहून अधिक किंमतीस विकलें गेलें आणि तें द्रव्य हवाई दलाच्या साहाय्यनिधीस व वन्य पशूंच्या रक्षणास देण्यांत आलें. दुसरें त्याच वर्षीं डक्सफर्डच्या संग्रहालयास भेट मिळालें. १९४० पूर्वीं त्याची तुकडी डक्सफर्ड येथेंच असे. म्हणजे तें आपल्या माहेरींच परतलें म्हणावयाचें.

या कामांतील कौशल्याचा थोडा विचार केला पाहिजे. स्पिटफायरच्या पंखाची मुख्य तुळई म्हणजे एकांत एक बसविलेल्या चौकोनी नळ्यांची जुडगी. अंगाजवळ जेथें भार अधिक तेथें नळ्या अधिक. टोंकाकडे जसजसा भार कमी होतो तसतशी एकेक नळी संपत जाते. हरिकेनच्या मधल्या भागांतील तुळयांतही बहुकोनी पोलादी नळ्या आहेत. असल्या नळ्या आज कोणत्याही बाजारांत मिळत नाहींत. त्या घडविण्यासाठीं आधीं यंत्रें घडवावीं लागतात. कापड ताणून बसविणें, त्यास लेप देणें, हजारों रिव्हेट एका रांगेंत मारणें, पत्र्यास दुहेरी वांक देणें, या विद्या वृद्ध कारागिरांच्या बोटांत राहिल्या होत्या. विमान पुन्हां बांधावयाचें ठरलें म्हणून त्या तरुण उमेदवारांच्या हातीं आल्या. वस्तूबरोबर विद्येचाही उद्धार झाला, हा या खटाटोपाचा मोठाच लाभ समजला पाहिजे.

आतां आपल्या देशाशीं संबंध असलेल्या विमानाची हकीकत. आर ४११८ या क्रमांकाचें हरिकेन ऑगस्ट १९४० मध्यें ६०५ व्या तुकडींत दाखल झालें. लढाईंत त्यानें ४९ उड्डाणें केलीं आणि शत्रूचीं पांच विमानें पाडण्यांत वा निकामी करण्यांत भाग घेतला. १९४३ च्या अखेरीस तें शिक्षणाच्या कामासाठीं जहाजानें हिंदुस्थानांत आलें. युद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, तें काशीच्या हिंदु विश्वविद्यालयास यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीं देण्यांत आलें. पुढें शिक्षणास अधिक नवीं यंत्रें मिळालीं आणि हें जुनें विमान आवारांत उन्हापावसांत उभें राहिलें. १९८२ सालीं पीटर व्हॅकर नांवाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या मोटारगाड्यांच्या शोधांत हिंदुस्थानांत फिरत असतां त्यांच्या दृष्टीस तें पडलें. त्याचा क्रमांक व पूर्वेतिहास त्यांनीं नेटानें शोधून काढला. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २००१ सालीं तें त्यांना मिळालें, इंग्लंडांत नेलें गेलें, आणि २३ डिसेंबर २००४ रोजीं तें पुन्हां उडालें. १९४० सालीं तें चालविणारे बॉब फॉस्टर यांना आपल्या तरुणपणचें हें वाहन वृद्धापकाळीं पुन्हां पाहावयास मिळालें.

या हकीकतींत ध्यानांत घेण्याजोगी एक गोष्ट आहे. तें विमान ब्रिटनमध्येंच राहिलें असतें, तर बहुधा भट्टींत गेलें असतें. विद्यामंदिरास दिलें गेलें म्हणून तें मोडलें तरी वितळलें नाहीं. आणि त्याची पारख झाली ती केवळ एका मनुष्यानें गंजलेल्या पत्र्यावरील क्रमांक निरखून वाचला म्हणून! हेंच एक उदाहरण आहे असेंही नव्हे. हेन्डन येथील ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयांत जें टेंपेस्ट जातीचें विमान आहे, तेंही पूर्वीं भारतीय हवाई दलांत होतें.

येथें एक मार्मिक शंका उपस्थित होते. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा वडिलांनीं बदलला, पातें मुलानें बदललें. मग ती कुऱ्हाड आजोबांची राहिली काय? वाळूंतून निघालेल्या विमानांत नवा पत्रा, नव्या नळ्या, नव्या तारा घातल्यावर त्यास १९४० चें विमान म्हणावें काय? कित्येकांचें म्हणणें असें कीं, ही नुसती प्रतिकृति होय. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, युद्धकाळींही विमानांचे पंख, इंजिनें, शेपट्या एकसारख्या बदलल्या जात. तेव्हां ओळख धातूच्या कणांत नसून अखंड इतिहासांत आहे. माझ्या अल्पमतीस दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो, पण एका अटीवर: कोणता भाग जुना व कोणता नवा, याची सत्य नोंद ठेविली पाहिजे आणि ती पाहणाऱ्यास मोकळी असली पाहिजे. नव्यास जुनें म्हणून खपविणें हा जीर्णोद्धार नव्हे, ती वंचना होय.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. अशीं विमानें उडवावींत काय? २५ मे २०२४ रोजीं स्मारक-तुकडीचें एमके ३५६ हें स्पिटफायर कॉनिंग्सबी नजीक कोसळलें व स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग हे त्यांत मृत्यु पावले. हें विमान १९४४ सालीं नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळीं उडालेलें होतें. मृतांच्या स्मरणार्थ आणखी एका जिवाचें मोल द्यावें काय, असा प्रश्न अशा वेळीं कोणाच्याही मनांत आल्यावांचून राहत नाहीं. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचाही विचार आहेच. २२ ऑगस्ट २०१५ रोजीं शोअरहॅम येथील प्रदर्शनांत युद्धोत्तर काळचें एक जेट विमान रस्त्यावर पडून ११ माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हांपासून अशा प्रदर्शनांचे नियम पुष्कळ कडक झाले.

उडविण्याच्या बाजूनें सांगण्यासारखेंही बरेंच आहे. टांगलेलें विमान डोळ्यांस दिसतें. उडणारें विमान कानांस, अंगास जाणवतें. मर्लिनचा घुमणारा आवाज ऐकून ज्या वृद्धांचे डोळे पाण्यानें भरत, ते आतां बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले. पण त्यांच्या नातवंडांस तो आवाज अजून ऐकतां येतो. शिवाय यंत्र चालू ठेविल्यानेंच तें चालविण्याची व दुरुस्त करण्याची विद्या जिवंत राहते. न वाजविलेली सतार भिंतीवर शोभते खरी, परंतु तिच्याबरोबर वाजविणाराही नाहींसा होतो.

या दोन टोंकांमध्यें विवेकाचा मार्ग आहे तो असा. ज्या विमानांवर मूळचा रंग, मूळचा पत्रा, मूळच्या जखमा शिल्लक आहेत, तीं पृथ्वीवर एकदांच आहेत. त्यांना कधींही उडवूं नये. जीं आधींच बहुतांशीं नव्यानें घडलीं आहेत, तीं योग्य तपासणीनंतर, अनुभवी वैमानिकाच्या हातीं, मोकळ्या भूमीवरून उडवावींत. आणि दोहोंचीही सत्य हकीकत लिहून ठेवावी. कोणत्या वस्तूस काय सोसेल हें ओळखून तिच्याशीं वागणें, यालाच कारभारीपण म्हणतात. कारभारी हा धनी नसतो. पुढील पिढीच्या ठेवीचा तो केवळ रक्षक असतो.

कोणी म्हणेल, हीं तर संहाराचीं साधनें. त्यांचें एवढें कौतुक कशाला? ही शंका योग्य आहे. परंतु हीं विमानें युद्धाची प्रौढी मिरविण्यासाठीं जपलेलीं नाहींत. ज्या तरुणांनीं विशी ओलांडली न ओलांडली तोंच प्राण वेंचले, त्यांचा तो आठव आहे. पंखावरील एक ठिगळ पाहिलें असतां युद्ध म्हणजे काय हें जितकें कळतें, तितकें लढायांच्या सनावळ्या घोकून कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, दिल्लीस जाण्याचा योग आल्यास पालम येथील भारतीय हवाई दलाचें संग्रहालय अवश्य पाहा. तेथें हरिकेन, स्पिटफायर व टेंपेस्ट हीं तिन्ही विमानें ठेविलेलीं आहेत. पण तेवढ्यावर थांबूं नका. तुमच्या गांवांत, आजोळच्या माडींत, गिरणीच्या आवारांत, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेच्या कोंपऱ्यांत एखादें जुनें यंत्र धूळ खात पडलें असेल. तें भंगारवाल्याच्या कांट्यावर चढण्यापूर्वीं त्यावरील क्रमांक वाचा, तें कोणी आणलें व कशासाठीं आणलें हें वडील मंडळींस विचारा, आणि मिळेल ती माहिती वहींत तारखेसह लिहून ठेवा. काशीच्या आवारांतील विमानाजवळून हजारों लोक गेले असतील. क्रमांक मात्र एकानेंच वाचला. तो एक होण्याची संधि प्रत्येकास मिळते, आणि तीस पैसा लागत नाहीं. लागते ती केवळ जिज्ञासा व चिकाटी.